वर्धापनदिनाला मुलांचा क्लास स्टेजवर आणा

लेकीच्या बॅले शाळेला पुढच्या जूनमध्ये २५ वर्षं पूर्ण होतायत. न्यू जर्सीतल्या आमच्या गावातली ही छोटी शाळा, आणि आठवडाभर पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विषय चाललाय, रौप्यमहोत्सवाचा शो कसा करायचा. कोणी म्हणतं न्यूयॉर्कहून दोन प्रोफेशनल डान्सर बोलवू, कोणी म्हणतं मागे मोठी एलईडी स्क्रीन लावू, कोणाला नटक्रॅकर या बॅलेमधले सगळे फेमस तुकडे एकापाठोपाठ हवेत. मी लिहिलं की पहिल्या भागात मुलांचा रोजचा क्लासच स्टेजवर दाखवूया. त्यावर दोन-तीन अंगठे आले आणि चर्चा पुन्हा ड्रेसच्या रंगावर गेली. म्हणून इथे सविस्तर लिहितेय, मराठीत लिहितेय, कारण आपल्या कितीतरी मराठी घरांतली मुलं आता बॅलेला जातात आणि त्यांचे आईबाबा अशाच कमिट्यांवर असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की शाळेचा वर्धापनदिन असेल तर त्या दिवशी शाळा दिसली पाहिजे. म्हणजे तिथे काय शिकवतात, कसं शिकवतात, सहा वर्षांची मुलगी कुठून सुरू करते आणि सोळाव्या वर्षी कुठे पोचते, हे बघणाऱ्याला दिसलं पाहिजे. आत्ता काय होतं? प्रत्येक वर्गाला दोन-अडीच मिनिटांचं एक गाणं मिळतं, मार्चपासून क्लासमधलं बाकी सगळं बाजूला पडतं आणि तेच गाणं घोटलं जातं, चमकीचा ड्रेस येतो, तो एकदाच घातला जातो. मुलं गोड दिसतात यात वादच नाही. पण तीन तासांचा कार्यक्रम बघून घरी जाताना आजीआजोबांना विचारा, नात वर्षभर काय शिकली, त्यांना सांगता येणार नाही.

मागे एका दुसऱ्या शाळेच्या मोठ्या वर्धापनदिनाला आम्ही गेलो होतो, नाव नको. दोन पाहुणे कलाकार, त्यांचा वीस मिनिटांचा पा द द्यू, म्हणजे जोडीचा नाच, तो अप्रतिमच होता, मग सत्कार, मग भाषणं, आणि सगळ्यात लहान मुलांचा नाच वेळेअभावी अर्ध्यावर कापला. विंगेत एक चिमुरडी बाईंना विचारत होती की आमचं झालं का. मला त्या रात्री फार वाईट वाटलं आणि रागही आला, कारण ज्यांच्या फीवर शाळा चालते, ज्यांच्यासाठी शाळा आहे, त्यांनाच त्या दिवशी सर्वात कमी जागा होती.

आता मी ज्या गोष्टीमुळे हे सगळं इतक्या ठामपणे म्हणतेय ती सांगते. १९३३ च्या ऑक्टोबरात जॉर्ज बालँशिन हा बॅले रचनाकार न्यूयॉर्कला आला. लिंकन कर्स्टीन या कलाप्रेमी अमेरिकन तरुणानं त्याला बोलावलं होतं, अमेरिकेत बॅले कंपनी उभी करायची म्हणून. बालँशिनचं म्हणणं होतं की कंपनी नंतर, आधी शाळा. जानेवारी १९३४ मध्ये मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर स्कूल ऑफ अमेरिकन बॅले सुरू झाली. मार्चमध्ये त्यानं संध्याकाळचा एक वर्ग घ्यायला सुरुवात केली, क्लासमध्ये नाचणं आणि स्टेजवर नाचणं यात फरक काय हे मुलांना कळावं म्हणून, आणि त्या वर्गातच चायकॉव्हस्की या संगीतकाराच्या तंतुवाद्यांसाठीच्या सेरेनेड या रचनेवर एक बॅले रचत गेला. पहिल्या संध्याकाळी १७ मुली आल्या, तर त्यानं १७ जणींची रचना केली. पुढच्या वेळी नऊच आल्या, तर नऊ जणींचा भाग बसवला. मग सहा, तर सहा जणींचा. काही दिवसांनी मुलगे यायला लागले, तेही आत आले. एक मुलगी तालमीत पडली आणि रडायला लागली, ते पडणं त्यानं बॅलेत ठेवलं. एक उशिरा आली, सगळ्या आधीच उभ्या आहेत आणि ही आपली जागा शोधतेय, तेही ठेवलं.

हा बॅले म्हणजे 'सेरेनेड'. अमेरिकेत आल्यावर बालँशिननं रचलेला हा पहिला बॅले, आणि तो पहिल्यांदा नाचला गेला १० जून १९३४ ला, न्यूयॉर्कजवळच्या व्हाइट प्लेन्सपाशी, शाळेला पैसे देणाऱ्या एडवर्ड वॉरबर्गच्या घरच्या इस्टेटीवर, उघड्यावर. खरं तर ९ तारखेला व्हायचा होता, पाऊस आला. नाचणारे कोण, तर शाळेतले विद्यार्थी, शाळा सुरू होऊन सहा महिनेही झाले नव्हते. आज जगातल्या मोठमोठ्या कंपन्या हाच बॅले नाचतात.

आणि तो सुरू कसा होतो ते बघा. पडदा वर जातो तेव्हा १७ मुली उभ्या असतात, सगळ्यांचा उजवा हात तिरका वर, डोळ्यांवर प्रकाश येतोय तसा. पाय सरळ जुळलेले, आपण रोज उभे राहतो तसे. हात हळूहळू खाली येतात आणि मग एका क्षणी टाचा जुळलेल्या ठेवून सगळ्यांचे पाय एकदम बाहेरच्या बाजूला उघडतात, फर्स्ट पोझिशन. बास एवढंच. बॅलेच्या कुठल्याही शाळेत पहिल्या दिवशी पहिली गोष्ट शिकवतात ती हीच. माझ्या लेकीनंही पहिल्या शनिवारी हेच केलं होतं. मी जेव्हा न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरला हा बॅले पाहिला तेव्हा त्या पाय उघडण्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण ते सगळं मला ओळखीचं होतं, हॉलच्या काचेतून शनिवार-शनिवार बघितलेलं.

तर ज्या देशात आपली मुलं बॅले शिकतायत तिथल्या सगळ्यात महत्त्वाच्या शाळेचा पाया असा पडला. हाताशी असलेल्या विद्यार्थ्यांना, त्यांच्या संख्येसकट, त्यांच्या पडण्यासकट घेऊन. बाहेरून पाहुणे आणून ती गोष्ट झाली नसती.

पॅरिसला तर ही पद्धतच आहे. पॅरिस ऑपेराची बॅले शाळा १७१३ ची, चौदाव्या लुईनं सुरू केलेली, २०१३ मध्ये तिला ३०० वर्षं झाली. क्लोद बेसी या बाई तिथे संचालक असताना त्यांनी १९७७ मध्ये 'देमाँस्त्रासियाँ', म्हणजे प्रात्यक्षिक, सुरू केलं. दरवर्षी डिसेंबरात पाले गार्निएच्या त्या झुंबरांच्या, सोनेरी नक्षीच्या थिएटरात शाळेचे वर्ग एकेक करून स्टेजवर येतात, बरोबर त्यांचे शिक्षक, आणि वर्गात जे शिकतात तेच करून दाखवतात. सगळ्यात लहान आधी, मग वरच्या इयत्ता. लोक तिकीट काढून बघायला येतात, आणि बघतात काय तर प्लिए म्हणजे गुडघे वाकवणं, तांद्यू म्हणजे पाऊल जमिनीवरून सरकवत पाय ताणणं, छोट्या उड्या. एकामागोमाग सगळ्या इयत्ता बघितल्या की तेच तांद्यू दहा वर्षांच्या मुलाच्या पायात कसं असतं आणि सतरा वर्षांच्या मुलाच्या पायात कसं होतं हे न सांगता कळतं. मला यापेक्षा भारी वर्धापनदिन सुचत नाही, आणि तिथे ते दरवर्षीच करतात!

डेन्मार्कमध्ये तर क्लासवरच बॅले झालेत. ऑगस्ट बूर्नोनव्हिलनं १८४९ मध्ये कोपनहेगनला 'कॉन्झर्व्हेटरिएट' केला, त्यात त्यानं स्वतः तरुणपणी पॅरिसला ऑगस्त व्हेस्त्रिसच्या हाताखाली जो क्लास केला तोच स्टेजवर आणला. पुढे १९४८ मध्ये हॅराल्ड लँडरनं 'एत्यूद' केला, तो सुरूच होतो बारवरच्या, म्हणजे सरावाच्या आडव्या दांड्याला धरून करायच्या व्यायामांनी आणि चढत चढत मोठ्या उड्यांपर्यंत जातो. संगीतसुद्धा चेर्नीचं, पियानो शिकणारी मुलं बोटं तयार व्हायला जे वाजवतात ते. म्हणजे एका कलेच्या सरावावर दुसऱ्या कलेचा सराव, आणि लोक उभं राहून टाळ्या वाजवतात.

आपल्याकडे हे नवीन आहे का? अजिबात नाही. मी पुण्यात कथक शिकले. १९४७ मध्ये रोहिणीताई भाटे यांनी नृत्यभारती ही कथकची संस्था सुरू केली आणि त्यांच्या शिष्यांनी, त्यांच्याही शिष्यांनी पुण्यात किती क्लास उभे केले त्याची गणतीच नाही. गुरुपौर्णिमेला आमच्या क्लासमध्ये अगदी पहिल्या वर्षाच्या मुलीसुद्धा उभ्या राहायच्या आणि तत्कार, म्हणजे कथकमधलं पायांचं मूळ काम, करायच्या. ठाय, दुगुन, चौगुन, म्हणजे आधी संथ, मग दुप्पट, मग चौपट लयीत. त्यानंतर पढंत, हातावर ताल धरून बोल म्हणायचे आणि मग तेच बोल पायांनी काढायचे. समोर बसलेल्या काकूंना कथक येत नसलं तरी आधी कानांनी ऐकलेलं आता पायांत येतंय हे कळायचं, आणि समेवर बरोबर आलं की सगळा हॉल मान हलवायचा. मोठ्या तायांचे तोडे-परण नंतर यायचे आणि आम्ही खाली सतरंजीवर बसून तोंड उघडं टाकून बघायचो, कारण त्या जे करतायत त्याची सुरुवात आम्ही आत्ताच केलेली होती. ज्या आई-मावश्या हे अनुभवून मोठ्या झाल्यात त्यांनी तरी इथल्या मीटिंगमध्ये क्लास दाखवणं बोअर होईल असं म्हणू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

कारण मुख्य आक्षेप तोच आहे, लोक कंटाळतील. माझं उत्तर असं की नीट सांगितलं तर नाही कंटाळणार. बाईंनी हातात माइक घ्यावा, बार मांडावेत, आणि आधी सहा-सात वर्षांच्या मुलांना बोलवून म्हणावं की हे प्लिए, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनंच वाकले पाहिजेत, का, तर उडी मारून खाली येताना हेच वाकणं सांधे वाचवतं. मग लगेच त्याच बारशी मोठ्या मुलांनी तेच करावं. मग सांगावं की पॉइंट शूज, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहायचे बूट, साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी का देत नाहीत, पावलाची हाडं आणि पोटरीची ताकद तयार नसते म्हणून, आणि ज्या मुलींना याच वर्षी ते मिळाले त्यांना बार धरून नुसतं वर जाऊन खाली येऊ द्यावं. बघणाऱ्या आजोबांना त्यात काय कष्ट आहेत ते दिसेल. एकदा ते दिसलं की दुसऱ्या भागात तीच मुलगी ट्यूट्यू, तो बॅलेचा फुगीर झगा, घालून नाचेल तेव्हा ते तिला वेगळ्या नजरेनं बघतील. आणि हो, दुसरा भाग हवाच, ड्रेस हवेत, लाइट्स हवेत, मुलांना त्याची हौस असते आणि ती पुरवलीच पाहिजे, माझा त्याला काही विरोध नाही.

दुसरा आक्षेप एका बाबांनी घेतला, तो मला जास्त विचार करायला लावणारा वाटला. त्यांचा मुलगा बाकीच्यांपेक्षा मागे आहे, क्लास दाखवला तर तो उघडा पडेल. मी त्यांना फोनवर सांगितलं की बारवर दहा मुलं एका ओळीत उभी असतात, प्रत्येकाचा पाय त्याच्या त्याच्या उंचीपर्यंत जातो, तिथे कोणी चुकून उलट्या दिशेला पळत नाही. ज्या मुलाला नाचाची रचना लक्षात राहत नाही तो अडीच मिनिटांच्या गाण्यात जास्त गोंधळतो. क्लास तर तो दर आठवड्याला करतोच, ते त्याचं घर आहे. आणि सेरेनेडमधल्या त्या पडलेल्या मुलीचंही सांगितलं. ते म्हणाले, विचार करतो.

मुंबईतसुद्धा बॅले आपल्याला वाटतं त्यापेक्षा जुना आहे. तुष्ना डल्लास यांनी १९६६ मध्ये तिथे शाळा सुरू केली. आणि नवी मुंबईचा अमिरुद्दीन शाह, वेल्डरचा मुलगा, येहुदा माओर या शिक्षकांनी त्याला तयार केलं आणि तो २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलला गेला. अशा मुलाबद्दल बातमी येते तेव्हा फोटो नेहमी हवेतल्या उडीचा असतो. ती उडी ज्या हजारो तांद्यूंमधून आली त्यांचा फोटो कोणी काढत नाही. निदान शाळेनं तरी आपल्या वाढदिवसाला तो काढावा ना.

पाहुणे कलाकार बोलवण्याचे जे पैसे आहेत ते कशाला वापरायचे हेही मी कमिटीला लिहून दिलंय. आमच्या शाळेत शनिवारच्या क्लासला एक वयस्कर बाई पियानो वाजवतात. बाकी दिवस स्पीकर. त्या बाई मुलांकडे बघून वाजवतात, एखादी उडी घ्यायला लहान मुलांना जरा जास्त वेळ लागतोय असं दिसलं की लय तेवढी सैल करतात, मोठ्यांना अदाजमध्ये, म्हणजे संथ हालचालींत, पाय वर धरून ठेवायला लावायचं असेल तर शेवटचा सूर लांबवतात. आपल्याकडे तबलजी नाचणाऱ्याच्या पायांकडे बघत साथ करतो तसंच हे. हे रेकॉर्डेड गाण्यावर होऊच शकत नाही. पण वार्षिक कार्यक्रमाला मात्र दरवर्षी सीडी नाहीतर लॅपटॉप, आणि या बाई प्रेक्षकांत कुठेतरी मागे बसलेल्या. माझी मागणी अशी आहे की थिएटरमध्ये चांगला पियानो भाड्यानं आणा, तो विंगेत लपवू नका, स्टेजवरच एका बाजूला ठेवा, पूर्ण क्लास त्यांच्या साथीवर होऊ द्या, त्याचे त्यांना व्यवस्थित पैसे द्या, आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव शिक्षकांच्या बरोबरीनं, त्याच टायपात छापा.