"कोण लागत होता तो तुझा?"

सकाळपासून डोकं फिरलंय. कुणीतरी रॅपर एमसी तोडफोडची, म्हणजे धर्मेश परमारची, जुनी क्लिप शेअर केली आणि खाली एका सद्गृहस्थाची कमेंट: "मुंबईत राहून गुजरातीत बोंबलायचं, आणि अशांसाठी आम्ही रडायचं?" पुढे तीन हसऱ्या इमोजी. चोवीस वर्षांचं पोर गेलंय हो!

मराठीवरून भांडायचं असलं की मी सगळ्यांच्या पुढे असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण धर्मेश परमार इथलाच, आणि 'स्वदेसी' या ज्या रॅप ग्रुपमध्ये तो होता तिथे एमसी मवाली आणि अमरावतीचा १०० आरबीएच मराठीत गायचे, हा गुजरातीत. एकाच स्टेजवर. गुजराती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शेठच येतो. त्या भाषेत कुणी व्यवस्थेवर तुटून पडेल, हे आपल्या गावीच नव्हतं.

माझ्याही नव्हतं. २१ मार्च २०२२, सोमवार. आदल्या दिवशी तो गेल्याची बातमी आलेली. माझा भाचा तेव्हा दहावीत, पेपर चालू, आणि हा गॅलरीत कानात इअरफोन घालून बसलेला. जेवला नाही. मी चिडून म्हटलं, "कोण लागत होता तो तुझा?"

त्याने एक इअरफोन काढला. म्हणाला, "आत्या, लतादीदी गेल्या तेव्हा तू दोन दिवस टीव्हीसमोरून उठली नाहीस. तेव्हा मी विचारलं का तुला, कोण लागत होत्या?"

सहाच आठवडे झाले होते. ६ फेब्रुवारीला दीदी गेल्या. शिवाजी पार्क, दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा, वर राज्यात सुट्टी. माझ्या दुःखाला सरकारने झेंडे उतरवले होते. याच्या दुःखाला आईची हाक होती: अभ्यास कर.

आणि बातम्यांत काय? 'गली बॉयचा रॅपर गेला.' रणवीर सिंगने पोस्ट टाकली म्हणून मथळा मोठा. बरं, त्या सिनेमातल्या 'इंडिया ९१' गाण्यामुळे हे आवाज लांबवर पोचले, नाही म्हणत नाही. पण भाच्याने तो सिनेमाही तेव्हा पाहिलेला नव्हता! त्याला तोडफोड कळला तो 'द वारली रिव्होल्ट'मुळे. मुंबईतल्या आरेच्या जंगलातल्या आदिवासींचं गाणं, सोबत तिथलेच प्रकाश भोईर. २०१९ चं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रो कारशेडसाठी रात्रीतून आरेतली झाडं पडायला लागली. दोन हजारांवर गेली. मी हळहळले आणि झोपले. भाचा म्हणतो, आमच्या वर्गात आरेत पाडे आहेत हे निम्म्या पोरांना त्या गाण्यामुळे कळलं. आमच्या वेळी हे काम शाहीर करायचे. अण्णा भाऊंच्या नावाने हार घालणारे आपण, आणि डफाऐवजी माइक हातात घेतला की तो 'बोंबलतो'?

शिव्या असतात रॅपमध्ये, मला नाही आवडत. असो.

मघाशी त्या माणसाला चार ओळी लिहिल्या होत्या, खोडल्या. खरं सांगायचं तर त्याच्यात आणि माझ्यात फरक किती? त्याने कमेंटमध्ये विचारलं, मी गॅलरीत. तेही पंधरा वर्षांच्या मुलाला, ज्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी 'आपलं' गेल्यासारखं वाटत होतं. सॉरी म्हणाले नाही तेव्हा. ताटावर झाकण घालून ठेवलं, बस. रात्री अकराला जेवला, थंड वरणभात.

दुपारी त्याला फोन केला. नोकरीला लागलाय आता. "आत्या, कमेंट वाचत जाऊ नकोस गं," म्हणाला आणि तोडफोडचं एक गाणं पाठवलं. मला शब्द कळेनात. फोन घेऊन खालच्या मजल्यावर गेले. तिथल्या मासी साठीच्या, गाणी म्हणजे त्यांच्या लेखी गरबा आणि भजन. भाजी निवडता निवडता ऐकत होत्या. अर्ध्यात हात थांबला.

"छोकरो केटला वरसनो?"

"चोवीसचा होता, मासी."

काहीच बोलल्या नाहीत. ओले हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, पहिल्यापासून लाव.