‘कोकणात चालतं कोण?’ या मेसेजला उत्तर

मेसेज सगळीकडे फिरतोय: ‘कोकणात फुटपाथ आणि सायकलची पट्टी म्हणजे शहरी चोचले. इथे चढ-उतार, वर चार महिने पाऊस. शिवाय आता चालतं कोण? तोच पैसा रस्ता रुंद करायला लावा.’

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. 2011 च्या जनगणनेत देशातल्या शेतीबाहेरच्या कामगारांपैकी 20 टक्क्यांहून जास्त लोक कामावर पायी जात होते, सुमारे 13 टक्के सायकलने. मोटारीने जाणारे 3 टक्केही नव्हते. त्यानंतर दुचाक्या बेसुमार वाढल्या, हे खरं. पण या मोजणीत शाळेची पोरं धरलेलीच नाहीत, आणि एसटीने येणारी बहुतेक माणसं थांब्यापर्यंत पायीच येतात.

चढाचं म्हणणं अर्धं मान्य. बंदरावरून वर सड्यावर, म्हणजे पठारावर, रोज सायकल मारा, असं कोणी सांगत नाही. पण चढणारी सायकल हळू आणि डुलत जाते, उतरणारी गाड्यांच्या वेगाने जाते. म्हणजे जागा तोकडी असेल तिथे पट्टी फक्त चढाच्या बाजूला दिली तरी भागतं.

पाऊस? माणूस छत्री घेऊन चालतोच. तो घसरतो ते शेवाळावर. गुळगुळीत टाइल्स आणि झिजलेले पेव्हर ब्लॉक जुलैत साबणासारखे होतात. साधं काँक्रीट घालून ते ओलं असतानाच झाडूने आडवे ओरखडे काढले की पाय धरतो, आणि हे टाइल्सपेक्षा स्वस्तही पडतं.

आता पैसा. रुंदीकरण म्हणजे डोंगर कापणं, संरक्षक भिंत आणि भूसंपादन. 2013 च्या भूसंपादन कायद्याने ग्रामीण भागात मोबदला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. त्यात सातबाऱ्यावर वीस-वीस सामाईक नावं, त्यातली निम्मी मुंबईत. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं; पुढे काय झालं ते सांगायची गरज नाही.

चालणाऱ्यासाठीचं बरंचसं काम मात्र आहे त्या हद्दीत होतं. उदाहरणार्थ साईडपट्टी, म्हणजे डांबराच्या कडेची कच्ची पट्टी. दर डांबरीकरणाला रस्ता दोन-पाच सेंटिमीटर उचलला जातो आणि साईडपट्टी तिथेच राहते. चार थर झाले की कडेला पायरी तयार होते. बाजू देताना सायकलचं चाक तिथून उतरलं की परत चढत नाही, माणूस आडवा. उपाय डांबरीकरणाच्याच अंदाजपत्रकात हवा: कडेला डांबराच्या पातळीपर्यंत मुरूम, पाणी मारून रोलर, आणि रस्त्यापेक्षा किमान अर्धा टक्का जास्त उतार. नुसता मुरूम ओतून ठेवला तर पहिल्याच पावसात गटारात जातो.

बाजारपेठेत गटारावरची झाकणं हाच फुटपाथ. 90 बाय 45 सेंटिमीटरची, 10 सेंटिमीटर जाडीची आरसीसी फरशी साधारण 100 किलो भरते. तिला उचलायचे हूक नसले की सफाईवाले पहारीने कड फोडून ती काढतात, आणि तुटलेली परत कोणी बसवत नाही. हूक खाचेत बसवा, वर आले तर ठेच लागते. दुकानदाराने आपापल्या उंचीची फरशी टाकणंही थांबवायला हवं, नाहीतर म्हातारी माणसं शेवटी रस्त्यावरूनच चालतात. लोखंडी जाळीच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या असाव्यात. समांतर असल्या तर सायकलचं चाक आत जातं.

रुंद रस्ता आपोआप सुरक्षित होतो, हेही खरं नाही. रुंद मोकळ्या रस्त्यावर वेग वाढतो, आणि ताशी 50 किलोमीटरच्या गाडीत 30 च्या तुलनेत जवळपास पावणेतीनपट ऊर्जा असते. म्हणून शाळेपाशी गतिरोधक हवा, पण रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा: 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच. गावोगावी दिसणारा डांबराचा उभा ढीग नको. त्यावर सायकलवाला उडतो, जीपवाला नाही.

राहिला शासनाचा अधिकार. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 138 (1अ) आणि 210ड आलं. पादचारी व सायकलींसाठी, तसंच राष्ट्रीय महामार्ग सोडून इतर रस्त्यांच्या रचनेसाठी नियम करण्याचा अधिकार राज्याला त्यातून मिळतो. म्हणजे ‘अधिकार नाही’ ही सबब चालणार नाही. तुमच्या रस्त्याचं डांबरीकरण मंजूर झालं की अंदाजपत्रकाची प्रत माहितीच्या अधिकारात मागा, आणि त्यात साईडपट्टी भरण्याची बाब आहे का ते आधी पाहा.