लग्नात नाव बदलणं, 'पाश्चात्त्य चष्मा' आणि तुमची प्रतिक्रिया

दादा, वेळ काढून एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी थँक्यू. लग्नात मुलीचं नाव बदलणं सेक्सिस्ट आहे असं मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं की हा पाश्चात्त्य चष्मा आहे, प्रत्येक समाजाची रीत वेगळी, जपानी लोक बघा कशी परंपरा जपतात, आणि आपल्या बायकांची काही तक्रार नसताना मी उगाच खुसपट काढतेय.

रीत वेगळी असते हे शंभर टक्के मान्य. पण पाश्चात्त्य म्हणजे नक्की कोण? अमेरिकेत आजही बहुतेक बायका नवऱ्याचंच आडनाव लावतात, आणि शेजारी कॅनडातल्या क्युबेकमध्ये १९८१ पासून कायदाच असा की लग्नानंतरही बाईचं जन्माचंच नाव चालणार. स्पेनमध्ये बायका आडनाव बदलत नाहीत, इराणमध्येही नाही. कोरियातही नाही, पण म्हणून तिथे बाईला बरोबरीचा मान होता असं समजू नका, कुटुंबप्रमुख म्हणून पुरुषालाच पुढे धरणारी तिथली होजू पद्धत २००८ ला कुठे संपली. त्यामुळे नाव बदललं की नाही एवढ्यावरून मी कुठल्याच समाजावर शिक्का मारत नाही. मी एवढंच बघते की तिला विचारलं होतं का, आणि ती नको म्हणाली असती तर घरात चाललं असतं का.

आता आपलं बघा. ताटात तांदूळ पसरायचे, नवरदेवाने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, मागे करवल्या माना उंच करून वाचतायत, कुणीतरी फोटोसाठी ताट जरा तिरकं करा म्हणतंय, आणि मुलीलाच ताट बघून कळतं की आजपासून आपल्याला काय हाक मारणार. आडनाव नाही हो, पहिलं नाव! आईबापाने बारशाला ठेवलेलं! अशी लग्नं मी स्वतः पाहिलीत आणि मला दर वेळी पोटात तुटतं. आणि नाव बदला असं आपला कायदा कुठेच म्हणत नाही, जी सक्ती आहे ती घरातली.

जपानात उलटं आहे, सक्ती कायद्याचीच. नवराबायकोने एकच आडनाव घ्यायचं, दोघांपैकी कुणाचंही चालेल असं कागदावर, पण ९० टक्क्यांहून जास्त जोडप्यांत आडनाव बदलते ती बायकोच. आणि तिथे कुणी ओरडत नाही असं तुम्ही लिहिलंय ते खरं नाही. तिथल्याच बायका याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेल्या, २०१५ ला हरल्या, मग आणखी काही जोडपी गेली, ती २०२१ ला हरली, तरी भांडण चालूच आहे. त्याच २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष योशिरो मोरी म्हणाले की बायका जास्त असल्या की मीटिंग लांबते, तर विरोधी पक्षांच्या महिला खासदार पांढरे कपडे घालून संसदेत आल्या आणि दहा दिवसांच्या आत मोरींना खुर्ची सोडावी लागली. हे सगळं जपानी लोकांनीच केलं ना?

आपल्याकडेही तेच. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये पुरुषांना छापील जाब विचारला, अस्सल मराठीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ ला ठराव केला की नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. ग्रामसभेत बसलेल्या माणसांना ती रीत माहीत नव्हती का? चांगली माहीत होती, म्हणूनच बंद करावीशी वाटली.

राहिलं वहिनींचं. त्यांनी नाव आनंदाने बदललं असं तुम्ही लिहिलंय, त्यांचा आनंद खरा असेल, त्यावर मी काही बोलणार नाही. पण त्याच्या पुढच्याच ओळीत लिहिलंय, "नाहीतर आईला वाईट वाटलं असतं." दादा, माझी सगळी पोस्ट या ओळीबद्दल होती.