जुना सबवूफर, नवा रिसीव्हर आणि कापलेली आरसीए वायर

माळ्यावर पडलेला जुन्या होम थिएटरचा सबवूफर फेकू नका. आरसीए वायरचं (गोल पिनच्या ऑडिओ वायरीचं) एक टोक कापा, आतली तार वूफरच्या प्लसला आणि जाळी मायनसला लावा, दुसरं टोक नव्या रिसीव्हरच्या (सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या डब्याच्या) ‘सबवूफर आउट’मध्ये घाला, झालं काम. असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. सोबत पोटसल्ले आहेतच: आवाज आला नाही तर वूफर फ्रंट स्पीकरच्याच वायरवर जोडा, घूंऽ आवाज आला तर प्लगची अर्थिंगची जाड पिन काढा, बास कमी वाटला तर सगळे नॉब फुल करा. यातलं ‘फेकू नका’ तेवढं खरं. बाकीचं एकेक बघू.

पहिला मुद्दा, वायर कापून थेट जोडणी. रिसीव्हरच्या ‘सबवूफर आउट’मधून फक्त सिग्नल येतो, एक-दोन व्होल्टचा. त्यात वूफरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) हलवण्याइतकी ताकद नसते. ती सबवूफरच्या पोटातल्या ॲम्प्लिफायरने द्यायची असते. म्हणून पहिला प्रश्न एकच: या डब्याला स्वतःची लाइटची वायर आहे का? असेल तर तो ॲक्टिव्ह आहे आणि काहीही कापायची गरज नाही, साधी शिल्डेड आरसीए केबल पुरते. डब्यामागे फक्त स्पीकरच्या दोन वायरी असतील तर तो पॅसिव्ह. वायर कापून तो ‘सबवूफर आउट’ला लावला तर सहसा काही जळत नाही, पण कान कोनला टेकवला तरच काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू येतं.

आपल्याकडे घरोघरी असलेला तिसरा प्रकार म्हणजे ४.१ किंवा ५.१ चा संच, ज्यात सगळ्या छोट्या स्पीकरांचा ॲम्प्लिफायर वूफरच्याच डब्यात असतो. त्याला मागे सहा आरसीए इनपुट असतील तर रिसीव्हरची वायर ‘सब’ लिहिलेल्या खोबणीत घाला. नुसतं ऑक्स (साधं डावं-उजवं इनपुट) असेल तर एकाची दोन करणारी वाय-केबल घेऊन डावी-उजवी दोन्ही भरा आणि छोटे स्पीकर काढून ठेवा. यात एक त्रास आहे. बटणाच्या व्हॉल्यूमचे बरेच संच लाइट गेली की आपली पातळी विसरतात. दिवसातून चारदा लाइट जात असेल तर बसवलेला हिशोब चारदा बिघडणार. फिरत्या नॉबचा संच इथे उजवा.

दुसरा सल्ला, फ्रंट स्पीकरच्या वायरवर वूफर जोडणे. पॅसिव्ह वूफरच्या बाबतीत हाच सल्ला सगळ्यात महागात पडतो. फ्रंट स्पीकर ६ ओहमचा आणि वूफर ४ ओहमचा असेल तर दोन्ही समांतर जोडून होतात २.४ ओहम. ओहमचा आकडा जितका कमी तितका रिसीव्हरवर भार जास्त, आणि त्याच्या मागे बहुधा ‘६ ते १६ ओहम’ छापलेलं असतं. हळू आवाजात चालतं, म्हणून लोकांना पटतं. सिनेमात स्फोट झाला की रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो. मेच्या उन्हाळ्यात बंद शोकेसमध्ये ठेवलेला असेल तर त्याहून लवकर.

पॅसिव्ह वूफरला वेगळा मोनो ॲम्प्लिफायर द्या. टीपीए ३११६ चिपचा मोनो बोर्ड आणि २४ व्होल्ट, ५ ॲम्पियरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) घेतला की ४ ओहमवर साठेक वॅट मिळतात. बैठकीच्या खोलीतल्या ८ इंची वूफरला एवढे भरपूर झाले. ‘सबवूफर आउट’मधून आरसीए या बोर्डाच्या इनपुटला, बोर्डाचं आउटपुट वूफरला. दोन गोष्टी चुकवू नका. दोन चॅनेलच्या बोर्डाची आउटपुट आपल्या मनाने एकत्र बांधायची नाहीत. आणि या बोर्डाचा स्पीकरचा मायनस म्हणजे ग्राउंड नव्हे. तो आरसीएच्या जाळीला किंवा धातूच्या डब्याला टेकला तर चिप जाऊ शकते.

फ्रंटच्या वायरवर जोडणं एकाच ठिकाणी योग्य: ॲक्टिव्ह सबवूफरला ‘हाय लेव्हल’ किंवा ‘स्पीकर इन’ लिहिलेले टर्मिनल असतील तेव्हा. त्यांचा भार रिसीव्हरवर नगण्य पडतो. मग सेटिंगमध्ये फ्रंट ‘लार्ज’ आणि सबवूफर ‘नो’ करा, म्हणजे बास फ्रंटकडे वळतो.

पिन काढण्याचा सल्ला जिवावरचा आहे, आणि मराठवाड्यात जास्तच. मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, काळ्या मातीला भेगा जातात, मातीचा आणि पट्टीचा संबंध सुटतो. अर्थिंग आधीच अर्धमेलं, त्यात पिन काढली की बिघाड झाल्यावर करंट धातूच्या डब्यातच थांबतो, हात लागण्याची वाट बघत. खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला, धुण्याचं सांडपाणीही चालतं.

आवाज कुठून येतो ते पाच मिनिटांत कळतं. सबवूफर चालू ठेवून आरसीए काढा. तरीही घूंऽ चालूच असेल तर दोष डब्याच्या आत आहे, बहुधा पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर फुगले आहेत. तो आवाज १०० हर्ट्झचा असतो. ते मेकॅनिककडून त्याच मायक्रोफॅरडचे आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे बदलून घ्या. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहतो, म्हणून लगेच बोट घालू नका. आरसीए काढल्यावर आवाज थांबला, तर सेट टॉप बॉक्सची डिशकडून येणारी वायर काढून बघा. गच्चीवरच्या लोखंडी खांबातून ग्राउंड लूप (दोन ठिकाणच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट) येतो, हे बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. रिसीव्हर आणि सबवूफर एकाच बोर्डावर लावले की तो बराच कमी होतो. आरसीएमध्ये घालायचा, हा लूप तोडणारा आयसोलेटरही मिळतो, फक्त स्वस्तातला अगदी खालचा बास खातो.

फुल नॉबचं थोडक्यात. ‘सबवूफर आउट’वरून जोडणी असेल तर सबवूफरचा स्वतःचा क्रॉसओव्हर (किती हर्ट्झच्या वरचा आवाज कापायचा ते ठरवणारा नॉब) मात्र खरोखर फुल ठेवायचा, कारण ८० हर्ट्झची कापणी रिसीव्हर करतोच. दोघांनी कापली तर मधला बास हरवतो. गेन, म्हणजे सबवूफरचा स्वतःचा व्हॉल्यूम, अर्ध्यावर. फेजचं बटण ० आणि १८० दोन्हीकडे करून बसायच्या जागेवरून ऐका, जिथे बास भरलेला वाटेल तिथे ठेवा.

आणि हे सगळं करायच्या आधी डब्याच्या पोर्टच्या (हवेच्या) भोकात टॉर्च मारा. माळ्यावरच्या डब्यात पालीची अंडी, उंदराने ओढून नेलेला कापूस, काहीही सापडतं. कोनच्या कडेची फोमची रिंग बोटाने दाबा. भुगा झाला तर रिंग बदलल्याशिवाय लावू नका. मग दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सरळ आत ढकला. खरखर लागली तर कॉइल घासतेय. पॅसिव्ह ४ ओहमचा वूफर मल्टिमीटरवर ३.२ ते ३.६ ओहम दाखवतो. मीटर हललाच नाही तर बहुधा कॉइल जळालेली आहे. मग बोर्ड आणि एसएमपीएसवर पैसे घालण्याआधी रिवाइंडिंगचा खर्च विचारून या.