सी ड्राइव्ह कॉपी-पेस्ट केला म्हणजे क्लोन होत नाही

"क्लोनिंग सॉफ्टवेअर कशाला? सी ड्राइव्हमधलं सगळं सिलेक्ट करा, नव्या एसएसडीवर पेस्ट करा. पीसी त्यावरूनच सुरू होईल. मग जुनी डिस्क फॉर्मॅट करून टाका, बॅकअपचीही गरज नाही." हा सल्ला जोरात फिरतोय. तो ऐकणाऱ्याचा डेटा कायमचा जाऊ शकतो, म्हणून एकेक दावा तपासू. (क्लोन म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, जिच्यावरून संगणक सुरूही होतो.)

"सगळं सिलेक्ट करा." सगळं तिथे दिसतच नाही. यूईएफआय (संगणक चालू होताच धावणारं, बायॉसची जागा घेणारं फर्मवेअर) असलेल्या संगणकात विंडोजचा बूट मॅनेजर, म्हणजे विंडोज सुरू करून देणारा प्रोग्राम, सी ड्राइव्हवरून सुरू होत नाही. तो ईएफआय सिस्टिम पार्टिशन नावाच्या वेगळ्या, छोट्या, फॅट३२ पद्धतीच्या पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) असतो. त्याला सहसा ड्राइव्हचं अक्षर दिलेलं नसतं, त्यामुळे फाइल एक्सप्लोररमध्ये ते येत नाही. विंडोज कोणत्या पार्टिशनवर आहे हे सांगणारी बीसीडी ही नोंदही तिथेच असते. जुन्या बायॉस पद्धतीत तर बूट कोड डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत, एमबीआरमध्ये, असतो. ती फाइलच नाही, मग कॉपी काय करणार?

जे दिसतं तेही नीट येत नाही. विंडोज चालू असताना रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्याच्या) फाइली कुलूपबंद असतात. क्लोनिंगची साधनं व्हॉल्यूम शॅडो कॉपी या विंडोजच्या सुविधेच्या मदतीने त्या क्षणाची स्थिर प्रत घेतात, पेस्ट ते करत नाही. शिवाय विंडोजच्या फोल्डरमधल्या असंख्य फाइली हार्ड लिंकने जोडलेल्या असतात, म्हणजे एकाच फाइलला अनेक नावं असतात. पेस्ट केल्यावर त्या सुट्या होतात आणि जागाही जास्त खातात. विंडोजच्याच डिस्म या साधनाने इमेज (पार्टिशनची एका फाइलीतली प्रत) काढून ती नव्या डिस्कवर लावायची आणि बीसीडीबूट या साधनाने बूट फाइली बसवायच्या, हा मार्ग मात्र खरा आहे. पण त्याला पेस्ट म्हणत नाहीत.

"पीसी त्यावरूनच सुरू होईल." नीट काढलेला क्लोनही कधी कधी अडतो. साटा डिस्कवरून एनव्हीएमईवर (डिस्क जोडण्याच्या जुन्या पद्धतीवरून नव्या, वेगवान पद्धतीवर) गेल्यास 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' ही निळी स्क्रीन येऊ शकते. बऱ्याचदा एकदा सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरांसह) सुरू केल्यावर ती जाते. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की आधीच काढून ठेवा.

"जुनी डिस्क फॉर्मॅट करा." सर्वांत घातक वाक्य हेच. दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना संगणक बूट फाइली जुन्या डिस्कवरून घेऊन विंडोज नव्या डिस्कवरचं चालवू शकतो. डेस्कटॉप समोर येतो, काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. जुनी डिस्क पुसली की पुढच्या वेळी काहीच सुरू होत नाही. म्हणून संगणक बंद करा, जुनी डिस्क काढून ठेवा, फक्त नवीवर सुरू करा. दोन्ही एकत्र जोडू नका म्हणण्याचं आणखी एक कारण आहे: हुबेहूब क्लोनची ओळखही जुन्या डिस्कचीच असते, आणि विंडोज त्या दोघींपैकी एकीला ऑफलाइन टाकतं. नव्या डिस्कवर काही दिवस सुरळीत काम होऊ द्या, जुनीला तोवर हात लावू नका.

"बॅकअपची गरज नाही." क्लोन म्हणजे एका दिवसाची प्रत. गेल्या महिन्यात चुकून खोडलेली फाइल त्यात सापडणार नाही, आणि रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आलं तेव्हा ती डिस्क जोडलेली असेल तर तीही लॉक होते.

डिस्क खराब व्हायला लागल्यावर क्लोन काढत असाल तर साधं साधन वापरू नका. त्याऐवजी जीएनयू डीडीरेस्क्यू घ्या: ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागांची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवतं आणि त्यांच्याकडे शेवटी वळतं.