डीलरकडची जुनी गाडी ‘डोळे झाकून’ घेऊ नका

जुन्या गाड्यांबद्दलचा एक मेसेज सध्या नाशिकमधल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचा सार असा: २०२३ च्या नियमांनंतर जुन्या गाडीची सगळी जबाबदारी डीलरवर आली आहे, त्यामुळे डीलरकडून डोळे झाकून घ्या. विमा गाडीसोबत आपोआप येतो, मीटर आणि अपघात डीलरने तपासलेले असतात. थेट मालकाकडून घ्याल तर फसाल. आमच्याच घरात दोघांनी हा मला पाठवला, आणि दोघंही पहिलीच गाडी घ्यायला निघालेले. म्हणून एकेक मुद्दा घेते.

नियमाचं आधी. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, हे खरं आहे. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की ‘फॉर्म २९ सी’ भरून आरटीओला कळवायचं, आणि तिथून पुढे गाडी विकली जाईपर्यंत कायद्याच्या नजरेत डीलर हाच मालक. नियम चांगलाच आहे. पूर्वी विकून टाकलेल्या गाडीचे ई-चलन जुन्या मालकाच्या मोबाइलवर येत राहायचे. पण हा नियम गाडी कोणाच्या नावावर आणि कोणाच्या ताब्यात आहे एवढंच सांगतो. क्लच किती दिवस टिकेल याबद्दल त्यात अक्षर नाही. शिवाय तो अधिकारपत्र घेतलेल्या डीलरपुरता आहे. रस्त्याकडेला चार गाड्या उभ्या करून बसलेल्या प्रत्येकाकडे ते असतंच असं धरून चालू नका. ‘अधिकारपत्र दाखवा’ म्हणायला संकोच कसला?

विम्याचा मुद्दा मात्र नुसता चूक नाही, महागात पडणारा आहे. माझ्या मामेभावाने शहरातल्या एका डीलरकडून सातसीटर घेतली. ‘ट्रान्सफरचं सगळं आम्ही बघतो’ असं त्याला सांगितलं होतं. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, महिनाभरात त्याच्या नावावर झालीही. पॉलिसी तशीच जुन्या मालकाच्या नावावर राहिली आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही. पावसाळ्यात दिंडोरी रस्त्यावर गाडी घसरून दुभाजकावर आदळली. माणसं वाचली, पण दुरुस्तीचा क्लेम कंपनीने नाकारला. डीलर म्हणाला, आम्ही आरसीचं बोललो होतो, विम्याचं नाही. वहिनीने मुलीच्या शाळेसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्या गॅरेजच्या बिलात गेले.

कंपनीचं कायद्याने बरोबर होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की विमा नव्या मालकाकडे आला असं मानतात, पण ते थर्ड पार्टीपुरतं, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देण्यापुरतं. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला ते लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलं आहे. १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला अर्ज करायचा असतो आणि तो खरेदीदाराने करायचा असतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळालेली सूट, त्याच्याकडेच राहतो, तेव्हा फरकाची रक्कम भरावी लागते. गाडीची किंमत ठरवतानाच ती धरा. माझं तर स्पष्ट मत आहे: पॉलिसी स्वतःच्या नावावर झाल्याशिवाय गाडी पार्किंगमधून काढूच नये.

मीटर. आकडा मागे नेता येतो, त्यामुळे आकड्यावर जाऊ नका, सर्व्हिसच्या नोंदी मागा. मीटर ३५ हजार किलोमीटर दाखवतंय आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर काहीतरी जुळत नाही. टायर कधी बनला हेही मीटरशी ताडून बघा. त्यावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २२१९ म्हणजे २०१९ चा बाविसावा आठवडा.

डीलरने अपघात तपासलेला असतो, असं मेसेज म्हणतो. पाण्याचं काय? २०१६ आणि २०१९ चे गोदावरीचे पूर आपण पाहिलेत. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावरून इथे पुराचा अंदाज घेतात. नदीकाठी उभ्या असलेल्या गाड्या तेव्हा पाण्यात होत्या, आणि धुऊनपुसून गाडी पुन्हा बाजारात यायला वेळ लागत नाही. स्टेपनी काढून तिच्या खाचेत गाळ आहे का बघा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून डाग बघा, सीटच्या रुळांवरचा गंज बघा. इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा. सीएनजी किट असेल तर आरसीवर तशी नोंद हवी आणि टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झालेली हवी. गाडीत सगळं घर बसवून चढावर चालवून पाहा. शेवटी सहा माणसं घेऊन सप्तशृंगीचा घाट तुम्हीच चढणार आहात.

थेट मालकाकडून घेतली की फसणार, हेही खरं नाही. गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र, आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ आणि थकलेले चलन, हे दोन्हीकडे सारखंच तपासायचं. डीलरकडून घेण्याचा खरा फायदा वेगळाच आहे. तो व्यवसाय म्हणून विकतो, म्हणून बिघाड लपवला तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. मात्र तिथे तोंडी शब्द सिद्ध करणं अवघड जातं. ‘अपघात नाही, पुरातली नाही, विमा ट्रान्सफरला लागणारे कागद डीलर देईल’ हे बिलावर लिहून सही-शिक्क्यासह घ्या, आणि टोकन द्यायच्या आधीच घ्या.