‘मसल कारला एम-२२च’ म्हणणाऱ्यांनी आधी गुणाकार करावा

ओहायोतल्या माझ्या भाच्याने १९६९ची शेव्हेल घेतली आहे, म्हणजे शेव्हरोलेची जुनी ‘मसल कार’ (मोठ्या इंजिनाची दणकट अमेरिकन गाडी). ३५०चं व्ही-एट इंजिन, कारखान्यातूनच ऑटोमॅटिक. ती त्याला मॅन्युअल करायची आहे आणि नेमका आत्ताच तो सगळीकडे फिरणारा व्हिडिओ त्याच्यापर्यंत पोचला. दावा असा: मसल कारला मन्सीचा, म्हणजे जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) जुन्या चार गिअरी मॅन्युअल गिअरबॉक्समधला, एम-२२ ‘रॉक क्रशर’च हवा, पाच गिअर म्हणजे भेसळ, तेल कुठलंही चालतं आणि बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं, क्लचभोवतीचं कवच) मोजणं हे दुकानदारांचं खूळ. पोरगा पैसे भरायच्या बेतात आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

‘रॉक क्रशर’ हे नाव ताकदीवरून पडलं, असं व्हिडिओ सांगतो. साफ चूक. ते आवाजावरून पडलं. एम-२० आणि एम-२१ या मन्सीच्याच भावंडांपेक्षा एम-२२च्या गिअरच्या दात्यांचा तिरकेपणा कमी, म्हणून तो घरघरतो. त्याच कारणाने शाफ्टवरचा लांबीच्या दिशेचा रेटा आणि उष्णता कमी होते, त्यामुळे शर्यतीत तो टिकतो. मजबूत आहे, एवढं मान्य. पण जीएमने तो दिला एल-८८ कॉर्व्हेटसारख्या शर्यतीच्या तयारीच्या गाड्यांना. भाच्याला शेव्हेल घेऊन ऑफिसला जायचंय.

आता गुणाकार. एम-२२च्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर २.२०, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेरीला इंजिनच्या २.२० फेऱ्या. भाच्याच्या गाडीला मागच्या चाकांपाशी ३.०८ गुणोत्तराचं डिफरन्शियल आहे. गुणाकार ६.८ च्या आसपास. रस्त्यावरची गाडी सिग्नलवरून नीट उचलायला तो आकडा दहाच्या जवळ हवा. ६.८ वर दर सिग्नलला क्लच जाळत निघावं लागणार, आणि चढावर विचारूच नका. यावर व्हिडिओतला उपाय काय, तर ‘मागे ४.१० टाका’. टाका की! मग २६ इंची टायरवर ताशी ७० मैलांना इंजिन ३,७०० आरपीएमवर (मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवर) ओरडत राहील, कारण एम-२२चा चौथा गिअर १:१ आहे आणि त्यापुढे काहीच नाही. शिवाय डिफरन्शियलचा खर्च वेगळा.

त्यापेक्षा ट्रेमेक या गिअरबॉक्स कंपनीचा पाच गिअरी टीकेएक्स घ्या. त्याच्या एका प्रकारात पहिला ३.२७ आणि पाचवा ०.७२ आहे. तेच ३.०८ ठेवून पहिल्यात दहा मिळतात आणि ७० मैलांना इंजिन २,००० वर निवांत. टॉर्कची (पिळाच्या जोराची) मर्यादा ६०० पौंड-फूट, म्हणजे ३५० ला पुरून उरेल. यात भेसळ कुठे आहे? एखाद्या गाडीत कारखान्याने बसवलेली मूळ मन्सी अजून शाबूत असेल, तर ती जपावी, तिची किंमत त्यातच आहे. ऑटोमॅटिक म्हणून जन्मलेल्या गाडीला तो नियम लावायचं कारण नाही.

तेलाबद्दल थोडक्यात: मन्सीत पितळी सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) असतात, जीएल-५ दर्जाच्या गिअर तेलातली गंधक-फॉस्फरसची रसायनं पितळाला मानवत नाहीत, तिथे जीएल-४ घाला. वर्ल्ड क्लास टी-५ या पाच गिअरी मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तर गिअर ऑइल चालतच नाही, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल, एटीएफ, लागतं.

सगळ्यात संताप आला तो बेलहाउसिंगच्या मुद्द्यावर. इंजिनच्या मधोमध गिअरबॉक्स बसला नाही, तर इनपुट शाफ्टवर सतत बाजूचा दाब येतो, त्या शाफ्टचं टोक इंजिनात ज्यात फिरतं तो पायलट बुश झिजतो, गिअर अडतात, क्लच नीट सुटत नाही. ट्रेमेक स्वतः ०.००५ इंचापेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. डायल इंडिकेटर (सूक्ष्म फरक दाखवणारं मापक) लावून फिरवायचा, फरक निघाला तर बेलहाउसिंग किंचित सरकवणाऱ्या ऑफसेट डॉवेल पिना घालायच्या. एका दुपारचं काम आहे.

आणि ‘जुनं फ्लायव्हील (इंजिनच्या मागचं, क्लच ज्यावर बसतो ते जड चाक) ठोकून बसवा’ हा व्हिडिओतला सल्ला तर जिवाशी खेळ आहे. जुनं बिडाचं फ्लायव्हील जास्त आरपीएमला फुटलं, तर ते चालकाच्या पायांच्या रेषेत. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या नियमांत पाव मैल ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून जलद धावणाऱ्या मॅन्युअल गाडीला एसएफआय या सुरक्षा-मानक संस्थेच्या दर्जाचं संरक्षक कवच सक्तीचं आहे, ते उगाच नाही. १९७० मध्ये ड्रॅग शर्यतपटू डॉन गार्लिट्सच्या पायापाशी गिअरबॉक्स फुटला आणि त्याच्या उजव्या पावलाचा भाग गेला. भाच्याला सांगितलंय, फ्लायव्हील नवं स्टीलचं घे, गिअरबॉक्सची ऑर्डर त्यानंतर.